वेताळ, सांतियागो आणि एक हत्ती

वसईकराशी इतिहासावर वाद घालू नये. जगात कुठेही काही घडलं, की त्याचं एक टोक वसईत आणून बांधायची त्याची तयारी असते. अशोकाचे शिलालेख? सोपाऱ्यात सापडले. पहिला भारतीय संत? गोन्सालो गार्सिया, जन्म वसई. पेशवाईला उतरती कळा लागली ती १८०२च्या तहाने, आणि तह कुठला? वसईचा. हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर २०१६ साली कोल्डप्लेवाल्यांचं गाणं आलं. त्यातल्या पडक्या भिंती कुठल्या, हे सांगायच्या आत समोरचा माणूस चहाचे पैसे देऊन उठतो.

या यादीत मी आज आणखी एका नावाची भर घालतोय. वेताळ. झाडाला उलटा लटकणारा नव्हे. अंगाला घट्ट बसणारा जांभळा पोशाख, कमरेला दोन पिस्तुलं आणि विजारीवरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून हिंडणारा, 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ. तो आमचा. कागदपत्रं तयार आहेत.

ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने ही चित्रकथा फेब्रुवारी १९३६मध्ये सुरू केली. तिच्यात मूळ हकीकत अशी : १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं, माणसं कापली, आणि त्यातून वाचलेला एकटा तरुण लाटांबरोबर एका किनाऱ्याला लागला. त्याने बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात धरून शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्या मागे हात धुऊन लागू. हा पहिला वेताळ. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि लोकांना वाटतं, माणूस एकच, चारशे वर्षं मरतच नाही. आपल्याकडच्या मतदारांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता वसईकडे या. डिसेंबर १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. १५३६मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्या याने इथला पहिला कप्तान नेमला, गार्सिया द सा. हा त्याचा मेहुणा. किल्ला उभा राहायच्या आधी मेहुणा बसला होता, ही गोष्ट वसई-विरारच्या बांधकाम व्यवसायाचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिल्या पानावर घ्यावी. आणि जाता जाता : 'इंद्रजाल'ने आपला देशी नायक 'बहादूर' १९७६मध्ये आणला. आमचा बहादूर त्याच्या जवळजवळ साडेचारशे वर्षं आधी तहावर सही करून मोकळा झाला होता.

तर साल तेच, समुद्र आहे, गलबतं आहेत, चाचे आहेत. फॉकने सुरुवातीला वेताळाचा मुलूख 'बंगाली' या नावाने आशियात कुठेतरी टाकला होता आणि चाच्यांच्या टोळीचं नाव ठेवलं होतं 'सिंग'. पुढे तो मुलूख हळूहळू आफ्रिकेत सरकला. 'इंद्रजाल'वाल्यांनी ओळखलं, की हे बंगाली आणि सिंग भारतात छापले तर आपल्यालाच एखाद्या गुहेत राहावं लागेल. त्यांनी 'डेंकाली' आणि 'सिंगा' करून प्रकरण मिटवलं. थोडक्यात, या माणसाचा पत्ता सोयीप्रमाणे बदलत आलेला आहे. मग तो वसईचाच का नको? घनदाट जंगल हवं, तर तुंगारेश्वर आहे. गुहा हवी, तर विरारला जीवदानीच्या डोंगरात आहेत. फक्त कवटीच्या आकाराची गुहा सापडलेली नाही. पण विरारमध्ये काही इमारतींचे तळमजले मी पाहिलेत.

'इंद्रजाल'चा पहिला अंक मार्च १९६४चा. वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट होती ती. टाइम्सवाले मराठीतही काढायचे म्हणून आमच्यासारख्यांची सोय झाली. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी. तिचा ठोसा जबड्यावर बसला, की कवटीचा ठसा उठायचा, तो जन्मभर जात नसे. डाव्या हातातली अंगठी भल्या माणसांसाठी. ते चिन्ह ज्याच्याकडे, त्याला वेताळाचं अभय. आमच्या वाड्यात अर्धा बटाटा कोरून त्याची कवटी केली जायची, शाईच्या पॅडवर दाबायची आणि मामेभावाच्या गालावर. अभयाच्या चिन्हाचा बटाटा कुणीच कोरला नाही. गिऱ्हाईक नव्हतं.

हा वेताळ शहरात जाताना वेश पालटत असे. वेश म्हणजे काय, तर जाड चौकडीचा ओव्हरकोट, हॅट, काळा चष्मा आणि साखळीला लांडगा. कुणी म्हटलंच, की कुत्रा आवरा, तर तो गंभीरपणे सांगणार, की हा कुत्रा नाही, लांडगा आहे. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती वसईत मे महिन्यात करून पाहावी. स्टेशनबाहेर तीन पावलांवर रिक्षावाले त्याला विचारतील, "कुठे, किल्ला का? लांडग्याचं वेगळं होईल."

दुसरा वेताळ आमच्याकडे 'चांदोबा'तून यायचा. राजा विक्रम तलवार उपसून मसणातून चाललाय आणि खांद्यावर प्रेत. शंकर या चित्रकाराने ते चित्र असं काढलं होतं, की गोष्ट न वाचताच घाम फुटावा. कथासरित्सागरापासून चालत आलेला हा मामला : वेताळ वाटेत गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न विचारणार, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं, आणि बोललास तर हा पुन्हा झाडावर. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दादरपासून खांद्यावर एक अनोळखी डोकं घेऊन तो चाललेला असतो. नायगाव येतं, डोकं जागं होतं, विचारतं, "वसई गेलं का?" आणि उत्तर मिळालं की परत खांद्यावर.

विक्रम-वेताळासारखी जोडगोळी जमवायची युक्ती परदेशी कॉमिकवाल्यांना पुढे सुचली. डीसीचं 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' १९५५ला निघालं, ते जुन्या काळच्या योद्ध्यांच्या गोष्टींसाठी. इंग्रजांच्या मध्ययुगीन दंतकथेतला रॉबिन हूडसुद्धा त्यात काही अंक नांदून गेला. १९६०ला त्याच अंकांतून जस्टिस लीग अवतरली, आणि मग बॅटमन दर वेळी नवा जोडीदार घेऊन यायला लागला. १९७२ला मार्व्हलने हाच धंदा स्पायडरमॅनला लावला. आपली 'इंद्रजाल'ची मंडळीही सुटली नाहीत. १९८६च्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या कार्टून मालिकेत वेताळ, जादूगार मँड्रेक, त्याचा दोस्त लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एका छपराखाली राहायला लावून मिंग नावाच्या दुष्टाशी लढायला पाठवलं. सोबत त्यांची मुलंही होती. म्हणजे मिंग नसता, तरी भांडणाची सोय होती.

या जोडगोळीच्या अंकाचं एक शास्त्र असतं. दोन नायक भेटले, की आधी गैरसमज व्हायलाच हवा. निम्मा अंक ते एकमेकांना भिंतीत घालतात. मग एक जण म्हणतो, "अरे, म्हणजे तूही चांगल्यांपैकीच?" हा प्रश्न पहिल्या पानावर विचारला असता, तर कागद वाचला असता. त्यानंतर दोघं मिळून खऱ्या दुष्टाकडे वळतात. वसईत या शास्त्राचं पालन कुठल्याही कॉमिकच्या आधीपासून चालू आहे. आमचा गैरसमजाचा भाग तेवढा १५३४ ते १७३९ चालला.

पोर्तुगीज माणूस एकट्याने लढायला निघतच नसे, हे किल्ल्याचा तट चालून पाहिला की कळतं. दहा-अकरा बुरूज आहेत आणि नावं अशी : सांतियागो, सांव सेबास्तियांव, सांव पेद्रो, सांव पावलो, सांव जुआंव, सांव गोन्सालो, मादरे दे देउस, नोसा सिन्योरा दोस रेमेदियोस, रेइस मागोस. संत, देवमाता, बाळ येशूला नजराणे घेऊन आलेले तीन राजे. सगळी मातबर मंडळी. आणि या रांगेत मधेच एक बुरूज आहे, त्याचं नाव एलेफांते. म्हणजे हत्ती. पुढे संत नाही, मागे देव नाही. नुसता हत्ती. प्रत्येक बुरुजाला नाव देताना पाद्री आणि कप्तान यांची बैठक झाली असणार, आणि तेवढ्या एका बुरुजाच्या वेळी जेवायची वेळ झाली असणार, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक गटात असा एक जण असतो. बाकीच्यांकडे दैवी शक्ती, हा अंगाने मोठा.

यातला माझा आवडता सांतियागो. येशूचा शिष्य याकोब. तसा हा गालीलच्या सरोवरावरचा मासेमार, म्हणजे आमच्या पाचूबंदरच्या बिरादरीतला. पण मध्ययुगात स्पेनमध्ये त्याच्याभोवती एक जबरदस्त दंतकथा उभी राहिली. क्लाव्हिहो नावाच्या गावी ८४४ साली लढाई जुंपली असताना, म्हणे, हा आठशे वर्षांपूर्वी वारलेला संत पांढऱ्या घोड्यावर बसून, तलवार फिरवत ढगांतून उतरला आणि ख्रिस्ती सैन्याला जिंकून देऊन गेला. अशी लढाई खरोखर झालीच नव्हती, असं आताचे इतिहासकार म्हणतात. त्याने सांतियागोचं काही अडलं नाही. न झालेल्या लढाईत विजय मिळवून देणं हे झालेल्या लढाईपेक्षा अवघडच म्हणायचं. पुढे कित्येक शतकं इबेरियातले शिपाई त्याच्या नावाचा पुकारा करत चढाई करायचे, आणि तो गलबतात बसून त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यालाही आला.

आता पाहा : याच्याकडे पांढरा घोडा, वेताळाकडेही पांढरा घोडा. हा मेल्यावरही लढतो, तो मरतच नाही अशी वदंता. दोघंही चाच्यांच्या मुलखात, साल १५३६. 'इंद्रजाल'ने हा अंक काढला नाही, ही चूक मराठी वाचकांनी भरपाई मागण्याजोगी आहे. मी तो मनात पुष्कळदा छापलाय.

पान एक. वसई किल्ल्याचा बंदर दरवाजा, रात्र. चौकटीत मजकूर : 'वसईतली जुनी म्हण, वेताळ निघाला की वीज जाते.' (वसईतल्या वाचकाला यात वेताळाचा हात नक्की कुठला, हे कळत नाही, ती तशीही जाते.) पान दोन. दरवाजात दोन पांढरे घोडे समोरासमोर. दोघांचं एकच म्हणणं, की हा घोडा माझा आहे, तुझा कुठेय? पान तीन ते पंधरा, मारामारी. वेताळाचा ठोसा सांतियागोच्या जबड्यावर, पण ठसा उठत नाही, कारण संताच्या चेहऱ्याभोवती आधीच तेजोवलय आहे आणि शाई धरत नाही. तिकडे लांडगा पाचूबंदरला वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखाली जाऊन बसलाय. एक कोळीण ओरडते, "ए, कुणाचा कुत्रा हा?" दोन्ही नायक मारामारी थांबवतात. वेताळ तोंड उघडतो. कोळीण म्हणते, "लांडगा असंल तर लांडग्याचे पैसं दे." पान सोळा. दोघं खिसे चाचपडतात. घट्ट जांभळ्या पोशाखाला खिसा नाही, संताने तर ऐहिक संपत्तीचा त्याग केलेला. इथे त्यांची मैत्री होते.

खलनायक कोण, हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. वसईतल्या कुणालाही विचारा, उत्तर तयार आहे : टँकर. रात्री विहिरींना पंप लावून पाणी उपसायचं आणि सकाळी नव्या इमारतींना विकायचं. यावर वसईत खरीखुरी जोडगोळी उभी राहिली होती. हरित वसई संरक्षण समिती, पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, मागे वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी, आगरी, चर्चचे आणि देवळांचे सगळे. दोनशे वर्षांचा गैरसमज बाजूला ठेवून ही माणसं मोर्च्यात एका रांगेत चालली. कुणाच्याच अंगावर घट्ट पोशाख नव्हता, म्हणून कुणी कॉमिक काढलं नाही.

मराठ्यांनीही १७३९ला तेच केलं. चिमाजी अप्पा एकटे आले नव्हते. वसई पडेना, माणसं पडू लागली, तेव्हा, आख्यायिका सांगते, ते सरदारांना म्हणाले, की किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधा आणि माझं मुंडकं तरी आत पडेल असं करा. आणि देवी वज्रेश्वरीला नवस बोलले : किल्ला मिळाला, तर तुझं देऊळ बांधीन. मे महिन्यात किल्ला मिळाला. देऊळ बांधलं गेलं, वसईचे सुभेदार शंकरजी केशव फडके यांच्या हातून, तेही बावन्न पायऱ्यांचं आणि किल्ल्यासारखं भक्कम. जोडगोळीच्या अंकात श्रेय पाहुण्याकडे जातं, हा नियम इथेही चुकला नाही. सुरुंग लावले माणसांनी, खंदकात पडली माणसं, नाव झालं देवीचं. सांतियागोच्या वेळीही तेच. तक्रार मात्र कुठल्याच शिपायाने नोंदवल्याचं दिसत नाही.

सुरुंग उडाला तो सेबास्तियनच्या बुरुजाला. हा संत जन्माने कमनशिबी. आधी बाणांनी विंधला, त्यातून वाचला तर दंडुक्यांनी मारला, आणि शेवटी वसईला येऊन दारूगोळ्याने उडाला. सांतियागो पलीकडच्या बुरुजावर उभा होता. ढगांतून उतरला नाही. हत्तीने शेवटपर्यंत काही केल्याची नोंद नाही.

घंटांनी मात्र बाजू बदलली. वसईच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी उचलून नेल्या आणि देवळांत टांगल्या. भीमाशंकरला एक, मेणवलीला एक, नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली. त्यांतल्या कुणीच सूर बदलला नाही. आधी मिस्सेला वाजायच्या, आता आरतीला वाजतात. राजकारणात पक्षांतर केलेल्याला सहा महिने तरी घसा साफ करावा लागतो.

वेताळ नावाचा खरा पाहुणा अजून कोकणात ड्यूटीवर आहे, तो वेंगुर्ल्याजवळ आरवलीला. देव वेतोबा. रात्री गावाभोवती फेरी मारतो, त्याने चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवसाच्या चपला वाहतात. साध्या नव्हे, माणूस आत उभा राहील एवढाल्या कातडी चपला. जुन्या जोडाचे तळ खरंच झिजलेले असतात, असं भाविक सांगतात. ली फॉकच्या वेताळाचे बूट एवढ्या वर्षांत झिजल्याचं एकदाही दाखवलेलं नाही, यावरून खऱ्या रखवालदाराची परीक्षा होते. वेतोबाला केळीचा घडही लागतो. म्हणजे हा कधी उत्तरेकडे बदली होऊन आला, तर वसईत उपाशी राहणार नाही. इथल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करायला शिकलेली माणसं अजून आगाशी-नंदाखालकडे आहेत. उन्हात वाळवून, पानात बांधून ठेवली, की रात्रपाळीला उत्तम.

रविवारी सकाळी किल्ल्यात जाऊन बसावं. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी तीन-तीन तास आधी येऊन कमानी अडवतात. नवरी पडक्या चर्चच्या खिडकीत, नवरा खाली गुडघ्यावर, फोटोवाला जांभळा धूर सोडणारी कांडी पेटवतो आणि धूर वाऱ्याने फिरून फोटोवाल्याच्याच तोंडात जातो. गेल्या हिवाळ्यात तिथे एका मुलाचा वाढदिवस चालला होता. पोरगं सहा-सात वर्षांचं, अंगात स्पायडरमॅनचा पोशाख, मुखवटा कपाळावर सरकवलेला. वडील, आई, फुगे, केक आणि सावली बघून बसलेली, लाल लुगडं नेसलेली आजी. गळ्यात क्रूस, मांडीवर केळ्यांची फणी. केक कापायला अवकाश होता, म्हणून वडील मुलाला चिमाजी अप्पांच्या स्मारकापर्यंत फिरवून आणत होते.

"पप्पा, यांनी किल्ला जिंकला?"

"हो."

"एकट्यांनी?"

"नाही रे, मोठं सैन्य होतं. आणि वज्रेश्वरी होती."

"टीम-अप!" स्पायडरमॅनला एकदम पटलं. "आणि आत कोण होते?"

"पोर्तुगीज. त्यांच्याबरोबर सांतियागो, सेबास्तियन, सगळे."

पोरगं गोंधळलं. सेबास्तियनची तसबीर त्यांच्या घरात असणार. त्याने मुखवटा खाली ओढला, वर केला, परत खाली ओढला.

"मग आपण कुठल्या साइडला होतो?"

वडिलांनी आईकडे पाहिलं, आईने फुग्यांकडे. आजीने फणीतलं एक केळं मोडून नातवाच्या हातात दिलं.

"आपण?" ती म्हणाली. "आपण दोघांना केळी विकत होतो. पोर्तुगीज भाव जास्ती देत, पण उधारी फार ठेवत."